साडेपाचवाले कोण?

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! देवाची नको तर माझ्या नव्या कवळीची शपथ. ती नीट बसवून घ्यायला अख्खी दिल्ली पालथी घातली मी, खोट्या गोष्टीपायी ती कशाला पणाला लावू? आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये काही जण म्हणतात, "आजींच्या गोष्टीत मीठ जरा जास्त असतं." असेल हो! पण ही गोष्ट अगदी अळणी आहे. जशी घडली तशी पानात वाढते.

तर आमच्या वरच्या मजल्यावर नीला राहते. ती मंत्रालयात आहे, आणि तिची मुलगी मैत्रेयी. जानेवारीतला शुक्रवार होता. बाहेर असं धुकं की समोरची पाण्याची टाकी गायब! आणि मैत्रेयी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी राहिली आणि तिनं जाहीर केलं,

"आई, आज काहीही चुकू शकत नाही! मी सगळ्या-सगळ्याचा विचार केलाय."

असलं वाक्य माणसानं सकाळी सकाळी बोलू नये. नशीब तेवढ्यासाठीच कान लावून बसलेलं असतं.

पण तयारी खरंच जय्यत होती. पर्समध्ये तीन पेनं, एक चाललं नाही तर दुसरं, दुसरं चाललं नाही तर तिसरं. हातात बांगडी नाही, कारण वाजते. डब्यात कांदा नाही, कारण समोरच्याला वास येतो. आणि ओठांवर एक पट्टी मारायची बाकी होती, ती कशासाठी ते सांगते.

मैत्रेयी क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेट करते. त्यात नुसती पुस्तकं पाठ करून भागत नाही. खऱ्याखुऱ्या पेशंटसमोर बसून त्याचं दुःख ऐकावं लागतं, आणि ते नीट ऐकतेय की नाही हे बघायला एक मोठे डॉक्टर हिच्या डोक्यावर. याला प्लेसमेंट म्हणतात. हिची गुरुग्रामला, गोल्फ कोर्स रोडवरच्या एका काचेच्या टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर. आणि डोक्यावरचे डॉक्टर म्हणजे चिटणीस सर. मुरलीधर चिटणीस. पहाडगंजात मराठी शाळेत शिकलेले, सगळा जन्म दिल्लीत काढलेला, आणि माणूस असा ताठ की नमस्कार करतानासुद्धा फक्त पापण्या वाकवतात!

सरांची सही मिळायची तर नव्या पेशंटची पहिली मुलाखत त्यांच्या देखत घ्यायची. ऑक्टोबरात मैत्रेयीनं घेतली होती. पेशंट बोलत होता आणि ही आपली "हं... हं... हं... हं..." मुलाखत संपल्यावर सर म्हणाले, "मैत्रेयी, तू पेशंटचं ऐकत होतीस की आगगाडी ओढत होतीस?" सही नाही!

आता ही शेवटची संधी. पुण्याच्या एका इस्पितळानं तिच्यासाठी इंटर्नशिपची जागा धरून ठेवली होती, सोमवारपर्यंत. शुक्रवारी सही झाली तर पुणं. नाही झाली तर प्लेसमेंट पुन्हा पहिल्यापासून, सहा महिने, आणि पुण्याची जागा दुसऱ्याची. पोरगी आठवडाभर झोपेत बडबडत होती, "शुक्रवारी साडेपाच... शुक्रवारी साडेपाच..."

आणि हे कोण ऐकत होतं? नीला!

आता नीलाचं दुःख वेगळं. मैत्रेयीनं घरात कायदा केला होता: डॉक्टरेट होईपर्यंत स्थळाचं नाव काढायचं नाही, कांदेपोहे तर मुळीच नाहीत. पण मंडळाच्या हळदीकुंकवाला नीलाला भेटली अलका, मैत्रेयी हिला ऐकूनच ओळखते, अलकामावशी म्हणून. ही गुरुग्रामच्या एका सोसायटीत विसाव्या मजल्यावर राहते. तिच्याकडे तिचा भाचा प्रसन्न, पुण्याचा, आयटीतला, एकतीस वर्षांचा, स्वभावानं गरीब. दोघींनी हळदीकुंकवाच्या वाणासकट एकमेकींचे हात धरले.

"अलकाताई, मुलगी पोह्यांना बसणार नाही," नीला कुजबुजली. "पण तुमचं घर तिच्या क्लिनिकच्या जवळच ना? सहज गेल्यासारखं जा. शुक्रवारी साडेपाचला मोकळी होते ती."

बघा! साडेपाचला काय आहे, हे विचारायचंच राहिलं की हो!

"पण तिला आधी सांगू नका बरं का," नीला म्हणाली.

"छे! बिल्कुल नाही," अलका म्हणाली. आणि घरी जाऊन भाच्याला म्हणाली, "प्रसन्ना, मुलीला सगळं माहितीये. वाट बघतेय तुझी."

झालं. स्फोटाचं सामान जमलं. आता फक्त काडी.

तर संध्याकाळ. सातव्या मजल्यावर दोन खोल्या शेजारी शेजारी. एकीत दोन खुर्च्या, एक कुंडी आणि भिंतीत मोठा थोरला आरसा. पेशंटच्या बाजूनं तो आरसा, पण पलीकडच्या खोलीतून तीच खिडकी! पलीकडे दिवे बंद करून सर बसतात, सोबत शिकाऊ मयुरा वही घेऊन. इकडचा आवाज स्पीकरवर तिकडे ऐकू येतो. लपवाछपवी नाही हां, पेशंटला आधी सांगतात, त्याची सही घेतात. पण अट एकच. सरांच्या खोलीत अंधार पाहिजे. तिकडे दिवा लागला की आरशाची लाज गेली, आरपार सगळं दिसतं.

मैत्रेयी खुर्चीत बसली. पेशंट पहिल्यांदाच येणारा, फोनवर नाव नोंदवलेला. कागदावर एवढंच: पुरुष, वय एकतीस, आयटी, झोप नाही, माणसांत घाबरतो. गुरुग्राममध्ये कुठल्याही लिफ्टमध्ये शिरा, या वर्णनाचे चौघे तरी उभे असतात!

बाहेर रिसेप्शनवर सिमरन नावाची पोरगी. तिच्यासमोर प्रसन्न आणि त्याच्या मागे काठाची साडी नेसून, स्टीलचा डबा घेऊन अलका.

"मैत्रेयी मॅडम... साढ़े पाँच बजे," प्रसन्न घाम पुसत म्हणाला.

"फर्स्ट टाइम?"

"जी, इनसे फर्स्ट टाइम."

"यहाँ साइन कर दीजिए."

प्रसन्ननं सही ठोकली. वाचली नाही. तो कशाला वाचेल? गुरुग्राममध्ये माणूस गेटवर सही करतो, लिफ्टपाशी सही करतो, मित्राकडे चहाला गेला तरी सही करतो. त्याला वाटलं, टॉवरवाल्यांचं असेल काहीतरी.

इतक्यात दार ढकलून आला खरा पेशंट. त्याचं खरं नाव मला ठाऊक नाही आणि मैत्रेयी जन्मात सांगणार नाही, आपण त्याला श्याम म्हणू. श्यामनं बघितलं, काउंटरपाशी दोघं उभे आहेत. आता मध्ये कसं घुसायचं? बिचारा मागच्या मागे सोफ्याच्या टोकावर टेकला, असा, की सोफ्यालाही कळू नये कुणी बसलंय.

अलका येऊन शेजारी बसली. तिनं डबा उघडला. संक्रांतीचे लाडू!

"लो बेटा, तिळगूळ."

"नहीं आंटी, मैं..."

"अरे! तिळगूळ को ना नहीं बोलते! त्योहार है!"

आता अलकाचा तिळगूळ. पाक एकदाच चुकला असता तर माफ केलं असतं, पण तो दर वर्षी चुकतो. तो लाडू तुम्ही भिंतीवर मारा, भिंत दुरुस्त करावी लागेल. श्यामला नाही म्हणता येईना. त्यानं तो तोंडात घातला, दात रोवले, आणि वरचा जबडा खालच्या जबड्याला जो चिकटला...

आणि नेमकी तेव्हाच सिमरन उभी राहिली! त्या क्लिनिकचा नियम असा, की चारचौघांत पेशंटचं नाव घ्यायचं नाही, कुणी कशासाठी आलंय ते कुणाला कळता कामा नये. म्हणून ती गोड आवाजात म्हणाली,

"साढ़े पाँच वाले? रूम नंबर दो, प्लीज."

दोघंही उठले! श्याम स्वतःच्या छातीकडे बोट करत म्हणाला, "म्म्म... म्म्म्म!"

"मी?" प्रसन्न म्हणाला.

"तूच रे! साडेपाच दिलेत ना आपल्याला! जा, जा, शर्ट आत खोच!" अलकानं त्याला पाठीत असा धक्का दिला की तो सरळ दोन नंबरच्या दारातून आत. श्याम खाली बसला. अलकानं त्याच्याकडे मायेनं बघितलं आणि म्हणाली, "अच्छा लगा ना? और एक लो."

आत मैत्रेयीनं समोर बघितलं. एकतीस वर्षांचा, घाबरलेला, घामेजलेला, डोळ्यांखाली वर्तुळं. कागदावरचा माणूस कागदातून उठून आल्यासारखा!

"आइए. बैठिए. मैं मैत्रेयी."

"माहितीये," तो लाजून म्हणाला. "मराठीत बोललं तर चालेल ना?"

"बिल्कुल! आज इथे यावंसं का वाटलं, सांगाल?"

"खरं सांगू? वाटलं नव्हतं. आत्यानं ढकललं."

मैत्रेयीनं लिहिलं: स्वतःहून आलेला नाही, नातेवाईकांनी आणलं. आणि "हं" म्हणायला उघडलेलं तोंड तिनं दातांनी धरलं.

"आत्या आल्यात सोबत?"

"बाहेर आहे. डबा घेऊन."

"याआधी कुणाला भेटला होतात, अशा कारणासाठी?"

प्रसन्ननं खोल श्वास घेतला. "सात जणींना."

मैत्रेयीचं पेन थांबलं. सात! सात सायकॉलॉजिस्ट करून आलाय! केस जुनाट आहे. आरशापलीकडे अंधारात मयुरानंसुद्धा वहीत सात लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"आणि... कुठे जमलं नाही?"

"नाही ना. पहिलीनं मला बोलूच दिलं नाही, स्वतःबद्दलच सांगत बसली."

"अच्छा..."

"दुसरीच्या आईनं सगळे प्रश्न विचारले."

"आईनं?"

"हो. वडील होते, पण ते पेपर वाचत होते. मग नोएडाची एक, तिला माझी उंची कमी वाटली."

मैत्रेयीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उंची! पेशंटची उंची! नोएडात काय काय दुकानं उघडून बसलेत लोक! तिला असा संताप आला की तिथल्या तिथे कुठल्यातरी कौन्सिलकडे तक्रार करावी. पण चेहरा शांत. सर बघतायत.

"आणि शेवटची?"

"तिनं पत्रिका मागितली."

"पत्रिका?!"

"मंगळ निघाला. नको म्हणाली."

मैत्रेयीनं मनातल्या मनात दहा आकडे मोजले. मग मऊ आवाजात म्हणाली, "तुमच्याशी असं वागायला नको होतं कुणी. इथे उंची नाही, पत्रिका नाही. इथे तुम्ही जसे आहात तसे."

प्रसन्नच्या डोळ्यांत पाणी आलं हो! पोरगा गेली दोन वर्षं रविवार-रविवार पोहे खात हिंडत होता, असं कुणी म्हटलंच नव्हतं त्याला. मैत्रेयीनं टिश्यूचा डबा पुढे सरकवला. अगदी शिकवलाय तसा, हळूच, दोन बोटांनी. पलीकडे सरांनी मान हलवली म्हणे. मयुरानं नंतर सांगितलं, सरांची मान हलताना तिनं पहिल्यांदाच पाहिली.

मग गाडी जी सुटली! झोप कशी लागते? लागत नाही, उद्या कोण काय विचारेल याची भीती. दारू-सिगरेट? शपथेवर नाही, आत्याला विचारा. घरात कुणाला मानसिक आजार? एक चुलत काका गच्चीवर पतंगांशी बोलायचे. राग येतो तेव्हा काय करता? भांडी घासतो. मैत्रेयीला हायसं वाटायला लागलं. एकही "हं" नाही! पेन पहिलंच चालतंय! पुणं दिसायला लागलं!

आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, जो त्यांना पहिल्या दिवसापासून घोकून घोकून शिकवतात.

"माझ्याकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत?"

प्रसन्न कानापर्यंत लाल झाला. "फार नाहीत. स्वयंपाक दोघांनी करायचा. नोकरी तुम्ही कुठेही करा, पुण्यात केलीत तर उत्तमच. आणि आई-बाबा वर्षातून थोडे दिवस येतील, तेवढं चालवून घ्या."

मैत्रेयी सावध झाली. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. एखाद्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मनापासून ऐकून घेतलं, की त्याचा जीव जडतो. पण तो महिना-दोन महिन्यांनी जडतो! इथे अर्ध्या तासात स्वयंपाकाची वाटणी झाली! काचेपलीकडे मयुरा इतक्या जोरात लिहायला लागली की पेन्सिलीचं टोक मोडलं. अशी केस मिळायला लोकांची आयुष्यं जातात.

आता इथे तोल सुटला की संपलं. मैत्रेयीनं पाठ सरळ केली आणि हळू, स्पष्ट आवाजात मर्यादा घालून दिल्या.

"मी एक समजावून सांगते. आपलं नातं फक्त या खोलीपुरतं असतं. आठवड्यातून एकदा भेटायचं, पन्नास मिनिटं. फोन शक्यतो नाही. आणि बाहेर कुठे दिसलो तर मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही. हे तुमच्याच भल्यासाठी."

प्रसन्ननं तिच्याकडे बघितलं. मग कुंडीकडे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे.

"म्हणजे..." तो चाचरत म्हणाला, "लग्नानंतरसुद्धा?"

मैत्रेयीनं वहीतलं पहिलं पान पुन्हा उलटलं.

मैत्रेयीच्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. आत्या. डबा. सात जणी. पत्रिका. मंगळ. आणि सगळ्या दिव्यांच्या मागे, हातात हळदीकुंकवाचं वाण घेऊन उभी असलेली तिची आई!

"तुम्ही," ती अगदी हळू म्हणाली, "अलकामावशींचे भाचे?"

"हो. प्रसन्न. म्हणजे? तुम्हाला माहितीये ना?"

आता ऐका हं, इथे खरी परीक्षा आहे. ती बोलली होती इतकं हळू, की पलीकडे स्पीकरवर ते पोचलं असेल की नाही देव जाणे. सरांना अजूनही वाटत असणार, की हा पेशंटच, जीव जडलेला. उरलेला वेळ फक्त सांभाळून न्यायचा. "लग्नाचा ताण आहे का तुम्हाला?" असं विचारलं की झालं, पोरगा आणखी बोलेल, मुलाखत पुरी होईल, सर सही देतील. सोमवारी पुणं! कुणालाच कळणार नाही. याला तर मुळीच नाही.

पण याच्या डोळ्यांत आत्ताच पाणी आलं होतं ना. ते त्यानं कुणासमोर काढलं? ज्या मुलीला लग्नाचं बोलायला आला, तिच्यासमोर. डॉक्टरसमोर नव्हे. आणि वर पलीकडे दोन माणसं अंधारात बसून ते लिहून घेतायत.

मैत्रेयीनं पेन ठेवलं. गेलं पुणं, असं मनात म्हणाली आणि उभी राहिली.

"प्रसन्न, मी थांबवते हे. माझी मोठी चूक झालीय. मी तुम्हाला पेशंट समजले. तुम्ही जे बोललात ते ऐकायचा मला हक्क नव्हता." आणि त्याच्यासमोर तिनं वहीतली पानं टराटरा फाडली. "हे तुमचं. आणि आणखी एक, ते ऐकल्यावर तुम्ही चिडाल. तो जो आरसा आहे ना..."

आता क्षणभर बाहेर चला. कारण बाहेर अलकाचे हात गुळानं चिकट झाले होते. श्यामच्या गालात तिसरा लाडू होता. ती हात धुवायला बेसिन शोधत निघाली. एक दार लोटलं, आत मिट्ट काळोख. आणि काळोखात दोन माणसं बसलेली!

तिन्हीसांजेची वेळ. दिवेलागणीला घरात अंधार ठेवणं म्हणजे अलकाच्या लेखी लक्ष्मीला दारातून हाकलणं!

"अगंबाई! संध्याकाळचं असं अंधारात काय बसलात?" म्हणत तिनं भिंत चाचपली आणि बटण दाबलं. फट्! आणि दिवा लागल्यावर आपण करतो तसे तिनं डोळे मिटून हात जोडले.

इकडे काय दिसलं असेल विचार करा! मैत्रेयी म्हणतेय "तो जो आरसा आहे ना," आणि आरसा लख्ख उजळला, आणि त्यात काठाच्या साडीत, हात जोडून, डोळे मिटलेली आत्या प्रकट झाली! तिच्या उजव्या हाताला एक म्हातारा, दगडासारखा, डाव्या हाताला वही घेतलेली मुलगी. देव्हाराच!

प्रसन्न खुर्चीसकट मागे पडला. कुंडी गेली.

अलकानं डोळे उघडले. समोर काचेत भाचा, पाय वर! "अगो बाई, प्रसन्ना!" म्हणत ती पुढे झुकली ती टेबलावर हात टेकूनच. आणि हाताखाली आलं माइकचं बटण. सर कधीमधी शिकाऊंना सूचना द्यायचे, त्याचं. तिचा आवाज छतातून गडगडला,

"प्रसन्ना! ऊठ! पाठ ताठ! मुलीकडची माणसं बघतायत!"

मग सरांकडे वळून, पदर सावरत, "अहो, तुम्ही मुलीचे काका का? आम्हाला सांगायचं ना बघायला बसलाय ते! हा घ्या, तिळगूळ घ्या."

चिटणीस सरांनी आयुष्यात भल्याभल्यांना गप्प केलंय. पण तिळगुळाला तेही नाही म्हणू शकले नाहीत. दिल्लीत सत्तर संक्रांती काढल्या तरी पहाडगंजच्या शाळेतला मुलगा तो! लाडू तोंडात गेला. आणि सरांचे जबडे बसले.

आता मैत्रेयीच्या खोलीत सगळेच. सर ताठ उभे, डोळ्यांतून अंगार, पण तोंडातून शब्द नाही! अलका बोलतेय, "भाचा आमचा साधा आहे हो." मयुरा माती गोळा करतेय. प्रसन्न पांढराफटक पडून विचारतोय, "म्हणजे मघाचं सगळं... हे... ऐकत होते? पतंगवाले काकासुद्धा?"

"हो," मैत्रेयी म्हणाली. "आणि सर, त्यांची सही असली तरी ती त्यांनी पेशंट म्हणून केलेली नाही. चूक माझी. आत येणारा कोण, हे मी विचारून घ्यायला हवं होतं. हे मुलाखतीत धरू नका. मला नापास करा."

सर बघत राहिले. गाल हलत होता. ते रागानं की लाडवानं, कळायला मार्ग नव्हता.

आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं! दारात श्याम! केस विस्कटलेले, छाती वर-खाली, आणि तो अशा आवाजात गरजला की खाली पार्किंगमधल्या गाड्यांचे सायरन वाजले,

"साढ़े पाँच वाला मैं हूँ!!"

सगळे गार! अलकाच्या हातून झाकण पडलं.

सरांनी लाडू गिळला. अख्खा. घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "मैत्रेयी. पेशंट आलाय. उभी काय आहेस?"

"सर?"

"मयुरा, दिवा बंद कर. आणि अंधारात बसायचं आहे, तेव्हा या बाईंना कुणीतरी बाहेर नेऊन दाराला कडी घाला."

पुढच्या पन्नास मिनिटांत आत काय झालं, ते विचारू नका. मी मैत्रेयीला शिरा करून घातला, पाय दाबून दे म्हणून जवळ बसवलं, गोड बोलले, रुसले, सगळं केलं. पोरगी एक अक्षर बोलली नाही! एवढंच कळलं, की आधी त्याचं नाव हळूच विचारून घेतलं, कागद वाचायला दिला, त्यानं ओळ न् ओळ वाचून सही केली, आणि बाहेर येताना तो सिमरनपाशी थांबून पुढच्या आठवड्याची वेळ स्वतः मागून गेला.

मग सर बाहेर आले. हातात कागद.

"'हं' आठ वेळा म्हणालीस," सर म्हणाले. "त्यातले पाच चालतील." आणि सही केली!

"सर... आणि ते पहिलं?"

"पहिली मुलाखत?" सरांनी पेनाचं टोपण लावलं. "मी पाहिलीच नाही. अंधार होता." लिफ्टकडे जाता जाता थांबले आणि मान न वळवता म्हणाले, "पानं मात्र योग्य वेळी फाडलीस."

खाली लॉबीत प्रसन्न उभा होता. आत्याला कॅबमध्ये बसवून परत आला होता. मैत्रेयी दिसली तशी त्यानं मान खाली घातली.

"ते बाहेर दिसलो तर ओळख दाखवायची नाही, असं म्हणाला होतात," तो म्हणाला. "तो नियम मला लागू आहे का?"

"तुम्ही माझे पेशंट नव्हतात."

"मग?"

"मग आधी माझ्या कुंडीचं काय ते बोला," मैत्रेयी म्हणाली. पुढे पुण्याला जाईपर्यंत ती कुंडी घ्यायला दोघं किती वेळा नर्सरीत गेले, ते नीला मोजतेय. मी मोजत नाही.

त्याच संध्याकाळी नीलाला अलकाचा फोन आला. "मुलगी लाखात एक आहे हो," अलका म्हणाली. "पण एक सांगू? राग मानू नका. तुमच्या घरचे लोक फार बाई चमत्कारिक! दिवेलागणीला काळोखात बसून मुलगा बघतात!"

झाली गोष्ट. शब्द न् शब्द खरा.

बरं, बरं. कवळीची शपथ घातलीय, आणि आत्ताच ती जराशी हललीसुद्धा, म्हणून सांगून टाकते. एक गोष्ट माझ्या पदरची आहे. श्याम गरजला-बिरजला नाही हो. गरजणार कसा? गालात अलकाचा लाडू होता! त्यानं दार एवढंसं उघडलं आणि शाळेत पोरं करतात तसं एक बोट वर केलं. बस, एवढंच. गाड्यांचे सायरन मी वाजवले.

पण दार त्यानं स्वतःच उघडलं हं! ज्याला एका लाडवाला नाही म्हणता येत नव्हतं, त्यानं! आता तुम्हीच सांगा, त्या बोटाला गरजणं नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?